दाराशी कोण आहे

डब्यात कार्डं एकोणचाळीस निघाली. फाटकासमोर बसून थोरलीने पुन्हा मोजली. एकोणचाळीसच.

संपाच्या पहिल्या दिवशी चाळीसही बायकांनी आपापलं हजेरीचं कार्ड तिच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं होतं. कुणाचा पाय घसरलाच, तरी फाटक उघडायला हातात काही नको. युक्ती थोरलीचीच. आज सहावा दिवस. डबा रात्री तिच्या घरी फळीवर असायचा, आणि त्याच घरात तिची धाकटी जाऊ राहायची. आणखी शोध कसला घ्यायचा?

विमानतळामागच्या या स्वयंपाकघरात विमानांतली जेवणं भरली जातात. पगार वाढवा आणि घरच्यांसकट दवाखान्याचा खर्च द्या, एवढंच बायकांचं म्हणणं होतं. पाच दिवस मॅनेजरने कानावर हात ठेवले. काल संध्याकाळी मात्र फाटकावर कागद लागला. उद्या बारापर्यंत जी कामावर येईल तिला दवाखान्याचा खर्च, घरच्यांसकट. पगाराचं नंतर बघू. जी येणार नाही तिने घरीच राहावं.

धाकटीच्या मुलीच्या कानाचं ऑपरेशन कधीचं अडलं होतं. धाकटीने तो कागद दोनदा वाचलेला थोरलीने पाहिला होता, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

"घरभेदी," ती आता पुटपुटली. राग तर आलाच, पण त्या पोरीचं तोंड आठवून लाजही वाटली.

तेवढ्यात आतून जेवणाचा ट्रक बाहेर आला. ड्रायव्हर जुना, ओळखीचा. त्याने काच खाली केली.

"तुमची जाऊ आत आलीय हां. नंतर सांगितलं नाही म्हणू नका. फ्रीझरमधून पाव काढायला गेली."

"दाराशी कोण आहे?"

"दाराशी कशाला कोण लागतंय? संपापुरते आणलेले सगळे नवे लोक पलीकडे ट्रे लावतायत."

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास तरी. मी तपासणीतच अडकलो होतो."

तो फ्रीझर चांगला खोलीएवढा. त्याची आतली कडी दोन वर्षांपूर्वी तुटली, आणि दुरुस्तीचा अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर आराम करतो आहे. तेव्हापासून बायकांनीच एक रीत पाडली होती. एकीने आत जायचं, दुसरीने दार धरून उभं राहायचं. आत जाणारीने म्हणायचं, "दार." बाहेरचीने म्हणायचं, "आहे." नव्या लोकांना हे कोण सांगणार? ज्यांनी सांगायचं त्या फाटकाबाहेर घोषणा देत होत्या.

तिने मॅनेजरला फोन लावला. संपवालीचा नंबर पाहून त्याने तो कापला. दुसऱ्यांदाही कापला. फाटकावरच्या गार्डने आतला फोन लावून पाहिला, कुणी उचलेना.

"मला जागा सोडता येत नाही, बाई," तो म्हणाला. "तुम्हीच जा. पण कार्डाशिवाय हे उघडायचं नाही."

बारा वाजायला अर्धा तास होता. थोरलीने डब्यातून स्वतःचं कार्ड काढलं. समोरच्या घोषणा एकदम थांबल्या. सगळी नव्हेत, पण तीस-पस्तीस तोंडं तरी तिच्याकडे वळली.

"अगं, ती फ्रीझरमध्ये अडकलीय!" थोरली ओरडली. नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान उठलं आणि तिचे शब्द त्यात बुडाले. ते जाईपर्यंत थांबायला तिला वेळ नव्हता. डबा तिथेच टाकून तिने कार्ड लावलं. फाटक उघडलं.

धाकटी दारालाच टेकून पडली होती, पावाच्या खोक्यांचे पुठ्ठे अंगावर ओढून. ओठ निळे पडलेले. दार ओरबाडून नखांतून रक्त आलं होतं आणि तेही थिजलं होतं. थोरलीने तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं, ओव्हनपाशी आणलं आणि छातीशी घट्ट धरलं. डॉक्टरला बोलवा म्हणून ती इतकी ओरडली, की बघत उभ्या राहिलेल्या नव्या माणसांतला एक खरंच पळाला.

"मी दार म्हटलं, ताई," धाकटीचे दात वाजत होते. "आणि शिरले. दोन वर्षं तुम्हीच असता ना तिथे... मागे वळून बघायचं सुचलंच नाही."

"बोलू नकोस. गप पड."

विमानतळाच्या डॉक्टरची गाडी मागच्या दाराशी लागली. वाचेल, डॉक्टर म्हणाले. बोटांचं आत्ताच सांगता येणार नाही. गाडीत जागा एकाचीच होती, तिथे ते बसले. गाडी गेली, तशी इतका वेळ अडवून धरलेलं रडू थोरलीला आवरेना. पदराने तोंड पुसत ती फाटकाकडे निघाली. बायकांना सगळं सांगायचं होतं. कडीचंही सांगायचं होतं. आता तर मॅनेजरला तोंड लपवायला जागा उरणार नव्हती.

बाहेर जायच्या बोळातच त्या तिला समोरून येताना दिसल्या. एकामागून एक, डोक्याला टोप्या बांधत. सगळ्यांच्या गळ्यात कार्डं. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती.

"अगं, थांबा! मी कामाला नाही आले, मी..."

कुणी तिच्याकडे बघेना. अंग चोरून, भिंतीला घासून त्या पुढे गेल्या. सगळ्यात शेवटी भांडी घासणारी म्हातारी आली. तिला गुडघ्यांमुळे भरभर चालता येत नसे. ती मात्र थांबली. थोरलीचे डोळे तिने आपल्या खरखरीत हातांनी पुसले.

"रडू नकोस गं बाई," ती हळूच म्हणाली. "कुणीतरी पहिलं जायलाच हवं होतं. बरं झालं, तू गेलीस."