गावच्या कार्डावरचं नाव

"हें कार्ड इथें चालत नाहीं, अण्णा," खिडकीतली भवानी म्हणाली. ती तंजावरच्या जुन्या मराठी घरातली, बोलायची तमिळच्या हेलात. पण चेन्नईच्या सरकारी दवाखान्यात, विम्याच्या खिडकीवर आपली भाषा कानी पडली तेव्हा प्रतापसिंहाला देव भेटल्यासारखं झालं होतं. देव भेटला खरा, पण तोही नियमाचा निघाला.

"ताई, निम्मं आयुष्य गेलं की हितं माझं. सावकारपेठेत सोनं गाळतो. बायकोच्या काळजाची झडप बदलायची हाय. डॉक्टर म्हणत्यात, याच महिन्यात करा."

"खरें हो. पण योजनेला इथलं रेशन कार्ड लागतें. तुमचं महाराष्ट्राचं. गावीं नाव कमी करून दाखला आणा, मग इथलं मिळेल. इतकीं वर्षें कां केलं नाहीं?"

का केलं नाही! आता काय सांगायचं कपाळ? विट्याकडचे हे गलाईवाले कुठल्याही मुलखात भट्टी पेटवतील, पण गावच्या कार्डावरचं नाव हलवायचे नाहीत. पेठेत नव्या कार्डांचं शिबिर लागलं, तेव्हा शेजारचा सुब्बा त्याला हाताला धरून न्यायला आला होता. त्या भल्या माणसावर हाच गडी उखडला, "नाव कापायला मी काय मेलोय व्हय?" सगळ्या गल्लीनं ऐकलं. मोठा आला होता ताठ मानेचा!

आता तीच मान खाली घालून तो जिन्यापाशी गेला नि गावी धाकट्या भावाला फोन लावला. "माधव, आमची दोघांची नावं कमी करून घे. दाखला लगोलग धाड."

"दादा, ती कवाच गेली. तपासणीला साहेब आलं हुतं. हितं राहत न्हाईत म्हणून काढली. तुला सांगायला जीभच रेटली न्हाई बघ."

"आणि दाखला?"

"अर्ज करतो. पर दोन महिनं तरी लागत्यात म्हणं."

फोन खिशात घालून तो परत आला. बायको सावनी बाकावर भिंतीला टेकून बसली होती. दोन शब्द बोलली की तिला धाप लागायची.

"न्हाई म्हणाली ना बाई?" तिनं त्याच्या तोंडाकडं बघून विचारलं.

त्यानं मान हलवली. त्याला रडू येत होतं, पण एवढ्या माणसांत रडायचं कसं?

"आवं, एवढं तोंड पाडू नगा. गावाकडं जाऊ. तिकडं करत्याल की. बरं झालं, तुमी आपलं नाव कापू दिलं न्हाई."

तिनं त्याच्या हातातलं कार्ड घेतलं, पदरानं पुसलं आणि जपून पिशवीत ठेवलं.