केकच्या साच्यातलं पेडल

"हीसुद्धा पायाला उंच पडते रे," रेजिना म्हणाली. इग्नासने तिच्या पायाशी ठेवलेली पेडलची ॲल्युमिनियमची पेटी उचलून घेतली.

रेजिना चर्चच्या गायनवृंदात गिटार वाजवायची. पायाने दाबायचं, गिटारचा आवाज घुमवणारं पेडल तिला तिचा नवरा इग्नास लग्नाआधीपासून घरीच बनवून द्यायचा. पण तिला नसांचा आजार जडला आणि पावलातली ताकद जाऊ लागली. पेडलसाठी आधी वापरलेला स्टीलचा डबा फरशीवर सरकत होता, ही पेटी उंच पडत होती. शेवटी त्याने नाताळचा केक भाजायचा पसरट साचा पालथा घातला, त्याला भोक पाडलं आणि हलकं बटण बसवलं.

रेजिनाने पाऊल टेकवलं. कपाळावर घाम आला, पण बटण हललं नाही.

"साचा छान आहे," ती हसून म्हणाली. "पायच माझं ऐकत नाही. तूच दाब."

तेव्हापासून तिने मान हलवली की पायाशी बसलेला इग्नास बटण दाबायचा आणि खोली सुरांनी भरून जायची. आजार पायांतून वर चढणार, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोघं त्याबद्दल बोलत नसत.

ईस्टरच्या सकाळी तिने मान हलवली. त्याने बटण दाबलं. स्पीकरमधून नुसती घरघर ऐकू आली. त्याने घाईघाईने साचा उलटा केला, आतली एकेक वायर ओढून पाहिली, डाग दिलेले सांधे चाचपले. सगळं जागच्या जागी होतं.

"इग्नास," ती हळूच म्हणाली, "पेडल ठीक आहे. माझी बोटंच हलत नाहीत."

त्याने ऐकलं. तरी तो स्क्रू काढून पुन्हा बसवतच राहिला.