पितृपक्षातलं पाकीट

जर्मन न्यायाधीशबाईंनी पिवळं पाकीट वर धरलं. “हे आल्याचं तुम्ही सुनेला का सांगितलं नाही?”

दुभाषी अहिल्याने प्रश्न मराठीत केला. साक्षीदाराच्या खुर्चीत मनोरमाबाई बसल्या होत्या. येताना ट्राममध्ये मुलाने, मयुरेशने, त्यांना दहा वेळा पढवलं होतं: “आई, फक्त ‘विसरले’ म्हण. बस, सिंपल.”

पण प्रकरण तेवढं सोपं नव्हतं. सुनेने, स्वरूपाने, धंदा बुडाल्यावर दिवाळखोरी जाहीर केली होती. तीन वर्षं पगारातला मोठा वाटा देऊन झाला, आणि शेवटी उरलेलं कर्ज माफ करायला कोर्टाने नकार दिला. नकाराचं पत्र पेटीत पडल्यापासून अपिलाला मुदत दोन आठवडे. तिचं अपील पोचलं चार दिवस उशिरा. उशिरात तिची चूक नाही हे पटलं तरच ते ऐकलं जाणार, नाहीतर कर्ज मानगुटीवर कायम.

“विसरले नाही,” मनोरमाबाई म्हणाल्या. “लपवलं.”

मागच्या बाकावर मयुरेशने कपाळाला हात लावला.

“पितृपक्ष लागला होता. सरकारी पाकीट, त्यातून पिवळं. मला वाटलं, माफीच आली. एवढी चांगली बातमी पितृपक्षात कोण फोडतं? ही माझं ऐकणार नाही, लगेच उघडेल, म्हणून देव्हाऱ्यात बाळकृष्णामागे ठेवलं. ही ड्युसेलडॉर्फला कामाला. रोज फोनवर विचारायची, आई, कोर्टाचं पत्र आलं का? मी रोज नाही म्हणायचे. नवरात्रात शुक्रवारी घरी आली, तेव्हा हातावर साखर ठेवून दिलं. तिने उघडलं, तर आत नकार. त्याच संध्याकाळी अपील पाठवलं.”

जर्मनमध्ये पितृपक्ष सांगताना अहिल्याला घाम फुटला. कर्ज देणाऱ्या बँकेचे वकील मात्र खुशीत आले. “म्हणजे पंधरा दिवस रोज खोटं बोललात. लाज नाही वाटली?”

“वाटते ना. म्हणून तर इथे येऊन सांगतेय. ती विचारत राहिली, मी नाही म्हणत राहिले. चूक माझी आहे. तिच्या माथी मारू नका.”

आमटी खारट झाली तरी मिठालाच दोष देणाऱ्या या बाई! स्वरूपा त्यांच्याकडे बघतच राहिली.

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग अहिल्या मराठीत सांगू लागली आणि तिचाच आवाज चढला. “सुनेने करायला हवं ते सगळं केलं होतं. उशीर माफ. अपील ऐकलं जाईल!”

“येस!” स्वरूपा भर कोर्टात ओरडली. तिला इतका आनंद तीन वर्षांत झाला नव्हता.

बाहेर आल्यावर मयुरेश पुटपुटला, “आई, ‘विसरले’ म्हटलं असतंस तरी चाललं असतं.”

“आणि ही रोज विचारत होती, ते कोणी सांगितलं असतं? तू?”

स्वरूपाने पर्स उघडली. त्या शुक्रवारपासून टपालपेटीची किल्ली तिने स्वतःकडेच ठेवली होती. ती काढून तिने सासूबाईंच्या हातात दिली.

“आई, सोमवारी मी परत ड्युसेलडॉर्फला जातेय.”

मनोरमाबाईंनी किल्ली कमरेला खोचली आणि दोघांच्या पुढे ताठ चालू लागल्या.