फाटका टप

"अजून जवळ धर," फारुख मस्कतहून म्हणाला. "इंजिनाजवळ. हां, असा."

रिझवानाने मोबाइल उघड्या बॉनेटमध्ये धरला आणि तोंड वाकडं केलं. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मग तिने पडवीतून उठायचं, घरामागच्या शेडमध्ये जायचं, लाल गाडीवरची ताडपत्री काढायची, चावी फिरवायची आणि साहेबांना आवाज ऐकवायचा. गाडी म्हणजे तरी काय, तर जेमतेम दोन माणसांची, मागे सारायच्या कापडी टपाची, रिझवानाच्या लग्नाहून जुनी. पावसात गळायची, नागोठण्याच्या खड्ड्यांत पोट घासायची. गेल्या रजेत फारुख निम्मे दिवस तिच्याखालीच होता, बायकोला नुसते पाय दिसायचे. आणि आता तिकडे बसून इंजिनाची घुरघुर ऐकली की त्याचे डोळे मिटायचे, चेहरा असा काही व्हायचा की रिझवानाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. याच्यापेक्षा सवत परवडली. सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात.

"टप कसा हाय?" त्याने विचारलं.

"फाटलाय. मागच्या शुक्रवारी फाटलेला, तसाच. मी कशी हाय ते पण विचारा कधी."

"तू बरी दिसतेस की." तो हसला. मग जरा घुटमळला. "ऐक गो, या वर्षी मी येत नाय. रजा कंपनीलाच विकतो. त्या पैशात नवा टप मागवायचा हाय. पावसाच्या आधी बसला नाय तर आतल्या शिटा कुजतील."

कॉल संपला तरी ती मोबाइल हातात धरून तिथेच उभी राहिली. म्हणजे यंदाचा नवरा गाडीच्या डोक्यावर चढवायचा होता. वर्षभर वाट बघायची बायकोने, आणि पावसात भिजू नये म्हणून काळजी गाडीची. शेडच्या कोपऱ्यात फारुखची पान्यांची पेटी होती. रिझवाना बराच वेळ त्या पेटीकडे बघत राहिली.

पुढच्या शुक्रवारी गाडी चालू झाली नाही.

होणार कशी? पेणच्या रामवाडीचा पोपट मिस्त्री पावसाळ्यात गाडी उभी करताना बॅटरीची वायर सोडून ठेवायचा, ते तिने पाहिलं होतं. सकाळीच तिने नट ढिला केला आणि वायर नुसती वर टेकवून ठेवली. मेलेल्या गाडीला नवा टप कोण घालतो?

"गेली वाटतं हो," आवाजात जमेल तेवढं दुःख घालून ती म्हणाली.

"दाखव."

तिने बॉनेटमध्ये मोबाइल फिरवला.

"बॅटरीकडे ने. अजून खाली." फारुख कितीतरी वेळ बघत राहिला. आता हा पोपटला बोलवायला सांगणार आणि आपलं पितळ उघडं पडणार, अशी रिझवानाची खात्रीच झाली. पण तो म्हणाला, "पोपटला सांगू नको. कोणालाच हात लावू देऊ नको. मी येतो."

"येतो म्हणजे?"

"रजा घेतो. विकत नाय."

खरं तर तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. येणार होता ना तो? पण उलट आगच लागली. ती टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा "रजा मिळत नाय गो" म्हणणारा हाच माणूस. आणि या डबड्याला नुसती शिंक आली तर तिकीट काढून मोकळा. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

तो आला. तिने सकाळपासून नवा पोपटी ड्रेस घातला होता, खिम्याची भांडी झाकून ठेवली होती. फारुखने सलाम केला, बॅगा पडवीत टेकवल्या आणि सरळ शेडकडे निघाला.

"जा, जा. आधी तिचं तोंड बघा," रिझवाना मागून धुसफुसत गेली.

त्याने बॉनेट उचललं. कुठे शोधाशोध नाही, चाचपणं नाही, बोटं थेट वायरीवर गेली. वायर अलगद वर आली. रिझवानाने मान खाली घातली.

त्याने पाना घेऊन नट आवळला. "मोबाइलवरच ढिला दिसला होता," तो खाली बघतच म्हणाला. "बॅटरीच्या टोकाला वायरीवर पांढरी पूड जमते, ती पण पुसलेली होती. पोपट आला असता तर तेव्हाच चालू झाली असती."

"मग आलात कशाला?"

"तू कधी पान्याला हात लावलास, लग्न झाल्यापासून?" फारुख म्हणाला. "म्हटलं, आता गेलं पायजे."

"आणि टप?"

"ऱ्हाऊ दे फाटका."

रिझवानाने इतका राग साठवून ठेवला होता, तो एकदम कुठे ठेवावा तेच कळेना. पदर असता तर डोळ्यांना लावला असता. तिने ओढणीवर भागवलं.

एवढ्यात फारुख आत बसला आणि चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं. त्याचे डोळे मिटले, आणि चेहऱ्यावर तेच ते, सगळं जग विसरल्यासारखं.

रिझवानाने दारावरून हात घातला, चावी फिरवून गाडी बंद केली आणि चावी मुठीत घेतली. मग पलीकडून वळसा घालून ती बाजूच्या शिटेवर येऊन बसली.

"आता मी बोलते," ती म्हणाली. "डोळे उघडे ठेवून ऐका."