उतार फार नको

मुलं लहान आहेत तोवर त्यांना बर्फ दाखवणं हे बापाचं आद्य कर्तव्य आहे, असं दिनानाथ वर्तकांचं ठाम मत होतं. म्हणून दर डिसेंबरात ते चंदनसारमधल्या राणे यांच्या टूर्सच्या ऑफिसात येत, मनाली बरी की औली यावर तासभर काथ्याकूट करत आणि बुकिंग न करताच उठत.

"उतार फार नको हं. पडली की पिंकी लवकर गप्प होत नाही," यंदाही दिनानाथांनी बजावलं.

"वयं सांगा. स्कीइंगचे बूट मापाचे लागतात," राणे म्हणाले.

"संकेत सहा, पिंकी चार."

राणे हसले. "वर्तकसाहेब, तीन वर्षं हेच सांगताय. तुमची मुलं वाढत नाहीत की काय?"

"वाढली असतील," दिनानाथ म्हणाले. "घटस्फोटाच्या कागदावर तेवढीच आहेत. त्यानंतर भेट झालेली नाही."