विसरलेला उखाणा

जुन्या सीड्या वितळवायला गोळा करणाऱ्या पालिकेच्या गाडीची ती शेवटची फेरी होती. बाकीच्या सीड्या वृषालीताईंनी कधीच कबुतरं हाकलायला बाल्कनीत टांगल्या होत्या. लग्नाची तेवढी कपाटात राहिली होती, ती त्यांनी गाडीवरच्या नसीमच्या हातात दिली.

"ताई, वितळवायच्या आधी एकदा चालवून दाखवायचा नियम आहे."

"चालव बाई. हे गेल्यापासून बारा वर्षं घरच्या भिंतीवर हेच लग्न बघतेय."

गाडीतल्या छोट्या पडद्यावर नवरदेव हेमंतराव उखाणा घ्यायला उभे राहिले. "कृष्णेच्या काठावर वाजते सनई..." म्हणाले आणि पुढचं साफ विसरले. अख्खा मांडव हसला. त्यांनी घाबरून नवरीकडे पाहिलं, तिने पदराआड ओठ हलवले, तेव्हा कुठे उखाणा पुरा झाला.

वृषालीताई बघतच राहिल्या. भिंतीवर तर हे एका दमात म्हणतात! भिंतीवर दाखवणारं घरचं यंत्र जुन्या चित्रणातल्या चुका आपोआप सुधारतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यात आपलं कुजबुजणंही पुसलं गेलं आणि तेच बघून बघून आपणही ते विसरलो, हे आत्ता कळत होतं.

"दे ती इकडे."

"पण ताई, सीडी चालवायचं यंत्र कुणाच्या घरी उरलंय आता?"

"नसू दे. विसरणारे तेच माझे."

संध्याकाळी सीडी मांडीवर घेऊन त्या भिंतीसमोर बसल्या.

"कृष्णेच्या काठावर वाजते सनई..."

हेमंतराव पुढचं बोलायच्या आत वृषालीताई पदराआडून घाईघाईने पुटपुटल्या, "वृषालीचं नाव घेतो, जेवायची घाई!"