दोन गाईंचा आहेर

अकरातल्या दोन गाई कुठे घालवायच्या, यावर तेमिरगाली आणि त्याची बायको कुल्याश यांचा तीन दिवस वाद चालला होता.

त्या वर्षी कोस्तानायच्या माळावर गहू घोट्याच्या वर आला नाही. गवत इतकं विरळ, की गाय एक काडी खाऊन दुसरीपाशी पोचेपर्यंत पहिली पचून गेलेली असायची. गोठ्यामागे रचलेला चारा फार तर नव्या वर्षापर्यंत पुरला असता, आणि हिवाळा त्याच्याही पुढे तीन महिने. सरकार पुढच्या आठवड्यात जनावरं मोजायला येणार होतं. ज्याचं नाव लागेल त्याला वसंतापर्यंतचा चारा आणि पेरणीला गहू. नाव लागलं नाही, तर कळप संपला.

गेल्या वर्षी मदत मिळाली ती दहाच्या आत जनावरं असलेल्यांना. तेमिरगालीकडे तेव्हाही अकराच होती. शेजाऱ्याच्या दारात चाऱ्याचा ट्रक रिकामा होत होता आणि हा कुंपणाला टेकून बघत होता. यंदाच्या अटींचा कागद कचेरीच्या दारावर लागला होता म्हणे. पण तिथवर वाचायला कोण जातं? गेल्या वर्षीचा सगळ्यांना पाठ होता.

विकायच्या म्हणाव्यात, तर दुष्काळात गाईला शेळीचा भाव. कापायच्या म्हणाव्यात, तर सगळ्या गाभण. कुल्याशने दिराकडे ठेवायचं सुचवलं. त्याच्याकडे ठेवलेली करवत सात वर्षांत परत आली नाही, गाय कुठली येते, असं तेमिरगालीचं म्हणणं पडलं.

चौथ्या दिवशी चहाचा तिसरा वाडगा पिताना त्याला सुचलं. लेक दिली होती तळ्याकाठच्या गावात, ओरिनबेकच्या घरी. व्याह्याला आहेर करायला कुणाची परवानगी लागत नाही. घेणाऱ्याने मात्र तो फेडताना चढता फेडायचा, नाहीतर अख्ख्या माळावर तोंड दाखवायची सोय नाही. आणि परतीचा आहेर यायचा तो वसंतात, वासरं झाल्यावर.

"म्हणजे बघ, चारा सरकारचा आणि वसंतात दोनाच्या तीन," तो म्हणाला.

कुल्याशने वाडगा खाली ठेवला. "अहो, एवढं डोकं इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंत?"

शिंगांना लाल फिती बांधून गाई ट्रकवर चढल्या. ओरिनबेकच्या गावाला तळं असल्यामुळे गवताला तोटा नव्हता. त्याच्या गंज्या घरापेक्षा उंच होत्या. तरी गाई बघून त्याचे डोळे भरून आले. त्याने व्याह्याला छातीशी धरलं, दोन दिवस जेवू घातलं, पोटात जागा उरली नाही असं म्हटल्यावर आणखी वाढलं. गाईंचे कागद आपल्या नावावर करून घ्यायला मात्र तो विसरला नाही. निघताना त्याने सहज विचारलं, सरकारी माणसं तुमच्याकडे कधी? तेमिरगालीने मंगळवार सांगितला. आमच्याकडे बुधवारी, असं ओरिनबेक म्हणाला आणि दाढी कुरवाळत राहिला.

मंगळवारी जिल्ह्याहून रैहान नावाची बाई आली. पायात रबरी बूट, काखेत फाइल. ती जीपमधून उतरायच्या आतच तेमिरगालीने आपल्याकडे नऊच जनावरं उरल्याचं सांगून टाकलं, आणि वर एक उसासाही सोडला.

"काका, मोजल्यावर बोलू," ती म्हणाली. मोजणीआधी तिने चहासुद्धा घेतला नाही.

कानातल्या बिल्ल्यांचे आकडे वाचत ती आठव्या गाईपर्यंत आली, तेव्हा रस्त्यावर धूळ उठली. धूळ आधी अंगणात आली, मग भोंगा, मग ट्रक. ट्रकात ओरिनबेक, सणाचा झगा घालून, गळा काढून गात असलेला. मागे चार गाई. चौघींच्या शिंगांना फिती, एकीच्या पाठीवर तर शाल. कागदही तो तेमिरगालीच्या नावावर करूनच आला होता.

"वसंताची वाट बघायला मी काय परका आहे, व्याही?"

आलेला आहेर परतवणं म्हणजे पाहुण्याच्या थोबाडीत मारणं. तेमिरगालीने मिठी मारली. व्याह्याच्या खांद्यावरून त्याला रैहान दिसत होती, आणि तिचं पेन थांबत नव्हतं. आहेरावर गोळ्या-मिठाई उधळायची असते, तशी कुल्याशने उधळली. त्यातली एक गोळी नवऱ्याच्या नाकावर चांगली नेम धरून आली.

मोजणी तेरावर थांबली.

जेवायला बसल्यावर तेमिरगाली ताटातला घास नुसता इकडून तिकडे सरकवत होता. ओरिनबेक दोघांचं जेवत होता. रैहान हात धुवायला बाहेर गेली, तसा तो व्याह्याच्या कानाशी लागला.

"राग मानू नका. अकरा माझ्याकडेही होती. तुम्ही दोन आणून तेरा केलीत. ही बाई उद्या माझ्याकडे. म्हटलं, चार इकडे आली की माझी नऊ." त्याने डोळा मारला. "तुमचा डाव मला कळला नाही असं वाटलं होय तुम्हाला?"

कुल्याशने ऐकलं होतं. तिने व्याह्याच्या ताटातला मोठा तुकडा उचलून पाहुणीच्या ताटात ठेवला.

रैहान येऊन बसली. तिने कागदावर शिक्का मारला आणि तो कुल्याशच्या हातात दिला.

"चारा गुरुवारी येईल, बियाणं वसंताच्या तोंडावर. गेल्या वर्षी दहाच्या आतल्यांना दिलं, तर लोकांनी कळपच मोडले. म्हणून यंदा ज्यांनी दहा किंवा जास्त जनावरं राखली, त्यांनाच." मग ती ओरिनबेककडे वळली. "उद्या तुमच्याकडे यायचंय ना, काका? दहा तरी असतीलच तुमची?"